वारसनोंदीच्या कागदामागून

पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्यास पाणी पोंचलें नाहीं म्हणजे तो काय करतो? बांधावर बसून वरच्या लोकांस शिव्या देणारेही कांहीं असतात. परंतु जाणता शेतकरी खांद्यावर फावडें टाकून पाटाच्या कांठाकांठानें तोंडाकडे चालूं लागतो. उंदरानें बीळ कोठें पाडलें आहे, दार अर्धें उघडें कोठें राहिलें आहे, गाळ कोठें सांचला आहे, हें चालल्यावांचून कळत नाहीं. नकाशांत पाट सरळच असतो. त्यांत गाळ कोणी दाखवीत नाहीं.

कचेरींतील कागदाची गोष्ट याहून निराळी नाहीं. अर्ज कोणत्या हातांतून कोणत्या हातांत जावयाचा हें नियमांत लिहिलेलें असतें. तो मध्यें कोठें मुरतो हें मात्र नियम वाचून समजत नाहीं. आमच्या संघाकडे बी, खत व कीड यांविषयीं पत्रें येतात, तशींच सातबाऱ्यावरील नोंदी रखडल्याचींही पुष्कळ येतात. त्या पत्रांस 'पुन्हां अर्ज करावा' याखेरीज दुसरें उत्तर देतां येत नसे, याची आम्हांस लाज वाटूं लागली होती. म्हणून गेल्या वर्षीं आम्हीं ठरविलें कीं, एका वारसनोंदीच्या कागदाबरोबर पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत आपण स्वतःच चालून पाहावें. त्या फेरीचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

ही कल्पना आमची नव्हे. जपानांतील टोयोटा मोटारींच्या कारखान्यांत ताइइची ओनो (१९१२–१९९०) यांनीं असा परिपाठ घातला कीं, दोष शोधावयाचा तो अहवाल वाचून नव्हे, तर जेथें काम घडतें त्या जागीं उभें राहून. त्या जागेस तिकडे 'गेम्बा' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'प्रत्यक्ष जागा' एवढाच आहे. पुढें हीच रीत इस्पितळें व नगरांचे कारभार यांतही शिरली. अमेरिकेंतील डेन्व्हर शहरानें तर आपल्या नोकरांस ती शिकविण्याकरितां 'पीक अकॅडमी' या नांवाची शाळाच काढली. (हें 'पीक' म्हणजे शिखर, शेतांतलें नव्हे!) आपल्याकडेही अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथील जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनीं १९८० नंतरच्या दशकांत कचेरींतील दप्तरें व बैठका यांची मांडणी बदलून जी व्यवस्था लावली, ती 'लखिना पॅटर्न' या नांवानें अद्यापि ओळखली जाते. तेव्हां ही गोष्ट आपल्या मातींत रुजत नाहीं असें म्हणण्यास जागा नाहीं.

फेरीस निघण्यापूर्वीं कायदा काय सांगतो तें थोडक्यांत पाहूं. मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीची पद्धति १९०३ च्या कायद्यानें सुरू झाली व १९१३ सालीं ती जमीन महसुलाच्या कायद्यांत सामील करण्यांत आली. आज तिचा आधार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हा आहे. या संहितेच्या १४९ व्या कलमाप्रमाणें वारसानें तीन महिन्यांचे आंत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. (तलाठ्याचें पदनाम २०२४ सालीं 'ग्राम महसूल अधिकारी' असें झालें, परंतु गांव अजून तलाठीच म्हणतें, व आम्हीही तसेंच म्हणूं.) वारस कोण याची चौकशी आधीं गांव नमुना ६-क या नोंदवहींत होते. मग १५० व्या कलमाप्रमाणें नमुना ६ मध्यें, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहींत, नोंद धरून ती चावडीवर लावावयाची, हितसंबंधी इसमांस नोटीस द्यावयाची, व हरकतीसाठीं पंधरा दिवस थांबावयाचें. हरकत आली तर प्रकरण ६-अ या तक्रारींच्या नोंदवहींत जातें. न आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर नवें नांव चढतें. सातबारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, असें वकील मंडळी सांगतात तें खरें. परंतु १५७ व्या कलमाप्रमाणें ती नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते, आणि पीककर्ज देणारी सोसायटी वकिलास न विचारतां सातबारा पाहते.

आम्हीं जो कागद निवडला तो एका विधवा बाईचा. नवरा दिवाळीनंतर वारला. जमीन एक हेक्टर वीस आर. मुलगा एक, मुली दोन, दोघीही सासरीं. खरिपाच्या कर्जासाठीं सोसायटीकडे गेली असतां 'सातबाऱ्यावर मयताचें नांव आहे' असें उत्तर मिळालें. मयताच्या नांवानें येणारा किसान सन्मानाचा हप्ताही थांबला. म्हणजे नोंद मृगापूर्वीं झाली नाहीं तर बियाण्यासाठीं सावकाराचें दार, असा सरळ हिशेब होता. गांवाचें नांव आम्ही देत नाहीं, कारण हीच हकीकत पुष्कळ गांवांची आहे आणि एका गांवावर बोट ठेवण्याचें कारण नाहीं.

तहसीलदारांची परवानगी आधीं घेतली. आमच्यापैकीं दोघे, एक निवृत्त मंडळ अधिकारी व ती बाई, एवढीच मंडळी. निवृत्त गृहस्थांनीं पहिल्याच दिवशीं आम्हांस एक नियम घालून दिला: कोणासही 'उशीर कां झाला?' असें विचारावयाचें नाहीं. विचारावयाचें तें एवढेंच कीं, हा कागद आपणांकडे कोठून येतो, आपण त्याचें काय करतां, तो ठेवतां कोठें, आणि पुढें कोणाकडे जातो. 'कां' म्हटलें कीं माणूस बचाव करूं लागतो. 'कोठें' म्हटलें कीं उठून दाखवितो. या एका नियमानें जें काम केलें तें आमच्या साऱ्या तयारीनें केलें नाहीं. वहींत आम्हीं तीन रकाने आंखले: कागद कोणाच्या हातीं, त्यावर काम किती वेळ झालें, आणि तो पडून किती दिवस राहिला.

पहिला गाळ कचेरींत नव्हताच. तो बाईच्या पिशवींत होता. ग्रामपंचायतीनें दिलेल्या मृत्यूच्या दाखल्यांत मयताचें शाळेंतलें नांव होतें, आणि सातबाऱ्यावर, वाडवडिलांच्या वेळेप्रमाणें, हांक मारण्याचें. दोन्हीं नांवें एकाच माणसाचीं, हें सारा गांव जाणत होता. कागद जाणत नव्हता. सहाव्या दिवशीं तलाठ्यांच्या हें ध्यानांत आलें. मग दोन्ही नांवांचा इसम एकच, असा जबाब कोणीं लिहावा व कोणापुढें लिहावा हें ठरेना. बाई ग्रामपंचायतींत गेली, तेथून तालुक्यास, तालुक्याहून परत चावडीवर. शेवटीं पोलीस पाटील व दोन शेजारी यांचे जबाब अर्ध्या तासांत झाले. त्या अर्ध्या तासासाठीं अकरा दिवस गेले. यांत कोणाचा आळस नव्हता, कोणाचा लोभ नव्हता. प्रत्येकानें तिला आपल्या समजुतीप्रमाणें पुढच्या दारीं पाठविलें होतें.

सतराव्या दिवशीं अर्ज दिला. तो तलाठ्यांच्या पिशवींत पडला. तलाठ्यांकडे चार गांवें. या गांवीं येण्याचा वार ठरलेला, परंतु तो मोडण्याचे प्रसंगही ठरलेलेच: निवडणुकीचें काम, पंचनामे, तालुक्याची बैठक. बाई दोनदां येऊन कुलूप पाहून गेली. अर्जाची पोंच तिच्याजवळ नव्हती, आणि तिनें मागितलीही नव्हती. बाविसाव्या दिवशीं भाऊसाहेब भेटले तेव्हां त्यांनीं स्वतःच पिशवी उपडी करून दाखविली. 'मावशी, तुमचा कागद हा पहा, हरवला नाहीं,' असें म्हणाले, आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, 'एकेका अर्जासाठीं मंडळ अधिकारी साहेबांकडे जाणें परवडत नाहीं. आठ-दहा जमले कीं एकदम नेतों.' बोलणें अगदीं व्यवहाराचें होतें. बैलगाडी भरल्यावांचून बाजारास कोण नेतो? परंतु गाडी भरेपर्यंत पहिल्या पोत्यास कोंब फुटतात, हें गाडीवानास दिसत नाहीं; तें पोत्याच्या धन्यास दिसतें. वारसाच्या वहींत आदेश होऊन कागद परत चावडीवर आला तो पस्तिसाव्या दिवशीं.

सदतिसाव्या दिवशीं फेरफार नोंद धरली गेली. ई-फेरफार आल्यापासून ही नोंद संगणकावर होते, व तें काम खरोखर सुबक झालें आहे. नोंद धरल्यावर ती कोणत्या पायरीवर आहे हें तालुक्यासही दिसतें. तथापि येथें आम्हांस एक गोष्ट दिसली, तीच या सर्व फेरीचें फळ होय असें आम्ही मानतों. संगणक दिवस मोजूं लागतो तो नोंद धरल्यापासून. त्यापूर्वीं कागद पिशवींत होता, बाई तीन दारें हिंडली, कुलूप पाहून परतली, ते सदतीस दिवस कोणत्याही पडद्यावर नाहींत. हें प्रकरण निकालीं निघालें तेव्हां सरकारी हिशेबानें त्यास चाळीस दिवस लागले होते. बाईच्या हिशेबानें सत्त्याहत्तर. दोन्ही हिशेब खरे. वरिष्ठांपुढें मात्र पहिलाच जातो, आणि म्हणून 'आमच्याकडे फारसें तुंबलेलें नाहीं' असें ते म्हणतात तेव्हां ते लबाडी करीत नसतात.

नोटिशीच्या पायरीवर कागद पुन्हां अडला, आणि तो कां अडला याची हकीकत जरा विस्तारानें सांगितली पाहिजे.

मुलानें प्रथम जी वारसांची यादी दिली तींत दोनच नांवें होतीं. आईचें व स्वतःचें. तलाठ्यांनीं 'बहिणी किती?' असें विचारलें. मुलगा म्हणाला, 'त्या दिल्या घरीं सुखी आहेत.' तलाठ्यांनीं, हें त्यांचें श्रेय, तेवढ्यावर समाधान मानलें नाहीं. दोन्ही बहिणींचीं नांवें लिहून घेतलीं. परंतु पत्ते घेतले नाहींत, कारण अर्जाच्या छापील कागदांत पत्त्यास जागाच नव्हती. धाकटी लांबच्या जिल्ह्यांत. तिची नोटीस नुसत्या गांवाच्या नांवावर गेली व नऊ दिवसांनीं परत आली. पत्ता विचारून दुसरी निघाली ती पन्नासाव्या दिवशीं, पोंचली चौपन्नाव्या दिवशीं. आणि पंधरा दिवस मोजले गेले ते तेथून. एका रिकाम्या रकान्यानें, नव्हे, नसलेल्या रकान्यानें, सतरा दिवस खाल्ले.

नोटिशीच्या बाराव्या दिवशीं धाकटी मुलगी एस. टी. नें आली. चावडींत सर्व मंडळी होती. भावानें हक्कसोडपत्राचा विषय काढला. ती म्हणाली, 'माझें नांव लागूं द्या. सोडायचें कीं नाहीं तें मी मागाहून ठरवीन.' भाऊ गप्प बसला. आई कांहीं बोलली नाहीं. तिनें लेकीच्या हातांतली पिशवी घेतली व दोघी घराकडे गेल्या.

हें आम्ही मुद्दाम लिहीत आहों. फेरीचा वृत्तांत आम्हीं संघाच्या बैठकींत सांगितला तेव्हां कित्येक सभासदांचें मत पडलें कीं, वेळ वांचवावयाचा तर ही पंधरा दिवसांची नोटीसच काढून टाकावी अशी मागणी करावी. या मताशीं आम्ही सहमत नाहीं, व तें येथें स्पष्ट नमूद करतों. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलगी बापाची वारस झाली. महाराष्ट्रांत १९९४ च्या व सर्व देशांत २००५ च्या दुरुस्तीनें ती एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलाप्रमाणें जन्मतःच सहहिस्सेदार झाली. आणि २००५ च्या दुरुस्तीवेळीं बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं निश्चित केलें. इतका कायदा झाला तरी गांवांत तिचा हक्क शेवटीं कशावर टिकतो? चावडीच्या भिंतीवर डकविलेल्या एका कागदावर आणि टपालानें गेलेल्या दुसऱ्या कागदावर. तो पोंचला नाहीं तर चार ओळींच्या नोंदीनें तिचें नांव पुसलें जातें, आणि मग तिनें दिवाणी कोर्टांत वर्षें घालवावींत. शेतकऱ्यास हें समजावून सांगावें लागूं नये. पेरल्यापासून उगवेपर्यंतचे दिवसही शेत रिकामेंच दिसतें. ते दिवस कोणी वांचवूं म्हणत नाहीं. खळ्यावर उघड्यांत भिजत पडलेल्या कणसांचे दिवस निराळे. कागद पंधरा दिवस थांबला तो पहिल्या जातीचा. उरलेले दिवस बहुतेक दुसऱ्या जातीचे. फेरी करणारानें वहींत हे दोन्ही निरनिराळ्या शाईनें लिहावे, नाहीं तर घाईच्या भरांत नेमका कामाचा थांबा कापला जातो आणि गाळ तसाच राहतो.

एकंदर हिशेब असा पडला. दाखला हातीं आल्यापासून सातबारा हातीं येईपर्यंत ७७ दिवस. त्यांत कायद्यानें ठेवलेले १५. प्रत्यक्ष कोणी ना कोणी लेखणी किंवा कळफलक हातीं धरून त्या कागदाचें काम केलें तो वेळ सगळा मिळून तीन तासांहून कमी. बाईच्या खेपा अकरा. त्यांपैकीं चार खेपांत दाराला कुलूप. तिची बुडालेली मजुरी आम्हीं धरलेली नाहीं.

वही घेऊन आम्ही तहसीलदारांकडे गेलों. त्यांनीं ती वाचली, आणि दुसऱ्या आठवड्यांत ते स्वतः त्या चावडीसमोरच्या बांकावर, जेथें अर्जदार बसतात तेथें, दोन तास बसले. आमच्या चार पानांनीं जें त्यांना पटलें नसतें तें त्या बांकानें पटविलें असावें. नंतर जे बदल झाले ते दिसावयास क्षुल्लक आहेत. चावडीच्या फळ्यावर वारसनोंदीस काय काय आणावें हें लिहिलें गेलें, आणि दोन्ही नांवें जुळत नसल्यास जबाब कोठें व कोणापुढें व्हावयाचा हेंही. अर्जास एक कागद जोडला, त्यांत सर्व वारसांचीं, मुलींसुद्धां, नांवें व पुरे पत्ते. अर्ज घेतांच तारखेची पोंच. आठ-दहा अर्ज जमण्याची वाट न पाहतां मंडळ अधिकाऱ्यांनीं दर आठवड्यास एक वार त्या साझ्यासाठीं राखला. यासाठीं पैसा लागला नाहीं, नवा हुकूमही लागला नाहीं.

त्याच साझ्यांतील दुसऱ्या एका कागदास पुढें ३४ दिवस लागले. एका कागदावरून सिद्धांत काढूं नये, हें आम्ही जाणतों. तिसरा एक कागद तीन महिने झाले तरी तेथेंच आहे, कारण भावाभावांत वाद आहे व प्रकरण ६-अ मध्यें गेलें आहे. तें तेथेंच जावयास हवें होतें; कोणतीही फेरी त्याचा निकाल लावूं शकत नाहीं.

सरकारनें या बाबतींत कांहीं केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें अधिसूचित सेवांस मुदत बांधून दिली, वेळेवर सेवा न मिळाल्यास अपिलाची सोय केली, व कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंडही ठेवला. २०२५ सालीं 'जिवंत सातबारा' ही मोहीम निघून मयतांच्या जागीं वारसांचीं नांवें लावण्याचें काम राज्यभर हातीं घेण्यांत आलें. मोहिमेनें जुना सांचलेला गाळ निघतो, हें मोठें काम आहे. परंतु माणसें दर वर्षीं मरतात, आणि पुढच्या मयताचा कागद त्याच पिशवींत पडतो. दंडाविषयीं आमचा अनुभव असा कीं, पोंच नसलेल्या अर्जास मुदतच सुरू होत नाहीं, मग दंड कशाचा?

ज्या गांवच्या मंडळींस अशी फेरी करावयाची असेल त्यांनीं प्रथम अधिकाऱ्यांस सांगून करावी. लपून केलेली फेरी हेरगिरी होते व दारें मिटतात. भांडण चालूं असलेलें प्रकरण घेऊं नये. ज्यास राग आला आहे अशा गृहस्थास बरोबर नेऊं नये, मग तो कितीही विद्वान असो. अर्जदाराबरोबरच जावें, त्याच्याऐवजीं नव्हे. आपण गेलों कीं खुर्ची मिळते, आणि खुर्चीवरून बांक दिसत नाहीं. आणि घरांत कोणी वारल्यास ग्रामपंचायतींत नोंद करावयास जातांना मयताचा सातबारा बरोबर न्यावा. नोंदीच्या वेळीं नांवाचा फरक तेथेंच ध्यानांत आला, तर पुढचे अकरा दिवस वांचतील. मृत्यूची वर्दी एकवीस दिवसांत द्यावयाची असते. तेवढ्यांत सातबारा काढणें अवघड नाहीं, २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्याही मिळतो.

त्या बाईस सातबारा मिळाला तो वैशाखाच्या अखेरीस. त्यावर चार नांवें आहेत. सोसायटीनें कर्ज मंजूर केलें. दोन्ही मुलींनीं संमतीच्या कागदावर सह्या दिल्या, धाकटीनें हक्कसोड मात्र अद्यापि दिलेली नाहीं.

पुढची फेरी आम्ही जमीनमोजणीच्या अर्जाबरोबर करणार आहों. ज्या वाचकांनीं मोजणीची फी भरली असेल त्यांनीं फी भरल्याची, मोजणीची तारीख कळल्याची, मोजणीदार प्रत्यक्ष आल्याची व नकाशा हातीं पडल्याची, अशा चार तारखा संघाच्या कचेरीकडे लिहून पाठवाव्या. तक्रार लिहूं नये, तारखा पुरेत.